नळदुर्गच्या ओसरीवरचा उन्हाळा

लिंबाला मोहोर आला की मला दुपारची झोप लागत नाही. आता आम्ही लोहाऱ्याला, माझ्या माहेरच्या गावी राहतो, आणि घरापुढं लिंबाचं मोठं झाड आहे. फाल्गुनात ते उघडंबोडकं होतं, मग तांबूस पालवी फुटते, आणि चैत लागला की एके दिवशी अंगण झाडायला जावं तर केरात बारीक पांढरी फुलं. मधात जरासं कडू कालवावं तसा त्यांचा वास. तो खिडकीतून आत येतो, उशीपाशी घुटमळतो, आणि सत्तरीला टेकलेली मी पुन्हा पंचविशीतली होते. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात पांढऱ्या फडक्याची झोळी, आणि समोर नळदुर्गची एक लांबट ओसरी.

ऐंशीनंतरचं ते एक कोरडं साल. बहात्तरएवढं मोठं नव्हतं, म्हणून त्याचं नाव कुणी काढत नाही. पण विहिरींचे तळ दिसत होते, हापशावर हंड्यांची रांग सकाळपासून लागायची आणि हापसा दहा वेळा खाली-वर केला की एकदा खाकरून पाणी द्यायचा. नळदुर्गच्या किल्ल्यातून पडणारे नर आणि मादी हे दोन्ही धबधबे त्या वर्षी मुके होते. सगळं गाव राखेच्या रंगाचं. आणि अशा वर्षात लिंब मात्र वेड्यासारखा फुललेला. म्हातारी माणसं म्हणायची, दुष्काळात लिंबाला जास्त मोहोर येतो. का येतो, ते कुणाला सांगता यायचं नाही.

मी तेव्हा जळकोटच्या शाळेत शिक्षिका होते. वसंतराव, म्हणजे माझे यजमान, सहकारी दूध संघाच्या शीतकेंद्रात दूध तपासायला होते. आत्ता ते बाहेर बाजेवर बसून पेपर वाचताहेत. हे सगळं लिहू का, असं मी त्यांना परवा विचारलं. पेपरची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "लिही. आन माझं नाव घालूनच लिही." म्हणून लिहिते आहे.

शीतकेंद्रात वसंतरावांचं वजन होतं. सकाळी गावोगावचे कॅन यायचे, त्यांची झाकणं उघडली की कोमट दुधाची वाफ चेहऱ्यावर यायची. ते काचेची नळी डोळ्यांपुढं धरून फॅट बघायचे, तेव्हा बघणाऱ्यालाही श्वास रोखावासा वाटे. कुणाच्या दुधात पाणी निघालं तर चारचौघांत बोलायचे नाहीत. बाजूला नेऊन हळू सांगायचे, "मामा, उद्यापासून नीट आणा." दुष्काळात म्हशी आटल्या, बायका एकेका तांब्याएवढं दूध घेऊन लांबून चालत यायच्या. त्यांना ते "बसा माय, पाणी प्या" म्हणायचे. सगळं जळकोट म्हणायचं, मास्तरीणबाईनं नशीब काढलं.

त्याच माणसाच्या चपलांचा आवाज दारात आला की माझ्या पोटात गोळा यायचा.

हे एकदम झालं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी एक थप्पड. मग सहा महिने काही नाही. मग भाकर करपली म्हणून, मग पगारवाढीच्या दिवशी मी जास्त हसले म्हणून. मारल्यानंतरचे वसंतराव इतके मऊ असायचे की काय सांगू. माझ्या केसांना तेल लावून द्यायचे, डोळ्यांत पाणी आणायचे, बाजारातून जर्दाळू आणायचे. त्या मऊ दिवसांच्या आशेवर मी वाईट दिवस काढत होते. आता वाटतं, ते मऊ दिवस आणि ते वाईट दिवस एकाच दोरीचे पीळ होते. पण दोरीच्या आत असणाऱ्याला पीळ दिसत नाहीत.

शिमग्याच्या आसपासची गोष्ट. तुळजापूरला शिक्षकांची बैठक होती. परतताना एसटी वाटेत बंद पडली आणि मला घरी यायला दिवस मावळला. वसंतराव दारात उभे होते.

"कुठं व्हतीस?"

"गाडी बंद पडली होती."

"गाडी बंद पडली, का आनखी काय?"

माझ्या हातात पिशवी होती. त्यांनी ती पिशवी धरली असं मला वाटलं, पण त्यांनी मनगट धरलं होतं. पिरगाळलं. वाळलेली तुराटी मोडल्यासारखा आवाज आला, आणि तो आपल्याच अंगातून आला हे कळायला मला थोडा वेळ लागला.

तेच मला दवाखान्यात घेऊन गेले. "पाय घसरून पडल्या," त्यांनी सांगितलं. मी मान हलवली. परत येताना त्यांनी मला रिक्षात असं धरलं होतं, जसं काही मी काचेची होते.

हाताचं दुखणं सहन होत होतं, झोप मात्र गेली. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, नळदुर्गला एक म्हातारे डॉक्टर आलेत. जन्मभर हैदराबादकडं वेड्यांच्या इस्पितळात होते, आता रिटायर होऊन वडिलांच्या घरी राहायला आलेत. झोपेची गोळी देतात. उन्हाळ्यातली सकाळची शाळा सुटल्यावर मी एके दिवशी बस धरून गेले.

कौलारू घर, पुढं ओसरी, ओसरीवर सतरंजी, कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली सुरई. अंगणात लिंब. डॉक्टर पांढऱ्या कुडत्या-पायजम्यात खाली सतरंजीवरच बसले होते. त्यांची मराठी दख्खनी वळणाची, हळू, प्रत्येक शब्दाला पाठीवर थोपटून पुढं पाठवावं तशी. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि हाताबद्दल काही विचारलं नाही.

"नींद क्यूं नहीं येत, बेटा?"

"चपलांचा आवाज येतो."

"कुणाच्या चपलांचा?"

मी पदराचं टोक डाव्या हाताला गुंडाळत राहिले. लिंबाची फुलं ओसरीवर पडत होती. त्यांनी घाई केली नाही. मग मी सगळं सांगितलं. आईला, दादाला, कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्या परक्या म्हाताऱ्याला सांगितलं.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "गोळी देतो. पण ही गोळी तुमच्या दुखण्याची नाही. दुखणं त्यांचं आहे, बेटा, आणि औषध तुम्ही घेताय. मी इतकी वर्षं बघतोय. मार खाणारीला सगळे दवाखान्यात आणतात. मारणाऱ्याला कुणी आणत नाही."

"त्यांना बरं करता येतं?" मी विचारलं.

"येतं, असं वचन मी देणार नाही. कुणी सुधारतो, कुणी नाही. एवढं खरं की ते स्वतः आल्याशिवाय काही होत नाही. आणि तोवर तुम्ही त्या घरात राहू नका."

मी लोहाऱ्याला माहेरी आले. आई हाताची झोळी सारखी करत म्हणाली, "पुरुषाचा हात सुटतोच गं. म्या काय कमी खाल्लाय?" दादा उठून काठी घ्यायला निघाला. "तंगडं मोडून येतो त्याचं." मी दोघांनाही थांबवलं. काठीनं काठी थांबत नाही एवढं मला तेव्हाही कळत होतं. हाताला जे प्लास्टर लागतं, ते मनालाही लागत असेल, अशी एक भाबडी आशा मला त्या ओसरीवर मिळाली होती, आणि ती मी सोडणार नव्हते.

वसंतराव आठवड्याभरानं आले. हातात द्राक्षांची पुडी. अंगणात उभे राहिले, आईनं बस म्हटलं तरी बसले नाहीत.

"चल घरी."

"न्हाय येत."

"परत न्हाय व्हणार. आईची आन."

"ह्याच्या आधीबी तीच आन घेतली होती तुम्ही." मग मी एका दमात सांगून टाकलं, "नळदुर्गच्या डॉक्टरकडं जावा. उन्हाळाभर जावा. मग बघू."

त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मी काय येडा हाय का, येड्याच्या डॉक्टरकडं जायला?"

"येडे असता तर शीतकेंद्रात साहेबावरबी हात टाकला असता," मी म्हणाले. "साहेब एवढं टाकून बोलतेत, तिथं तुमचा हात कसा ऐकतो तुमचं?"

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते बाहेर पडलं आणि अंगणात उभं राहिलं. वसंतरावांनी द्राक्षांची पुडी दाराजवळच्या खुंटीला टांगली आणि निघून गेले.

पण ते नळदुर्गला गेले. कशामुळं गेले, ते त्यांनाही आजवर नीट सांगता आलेलं नाही. "घर मोकळं व्हतं म्हणून गेलो," एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुझं ते साहेबाचं वाक्य डोक्यातून जाईना."

ओसरीवर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. वसंतरावांनीच पुढं कितीतरी वर्षं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. कधी ज्वारी निवडताना, कधी एसटीची वाट बघताना. ऐकून ऐकून आता मला वाटतं मीही तिथं होते, लिंबावर बसलेल्या एखाद्या साळुंकीसारखी.

आठवड्यातून एका सकाळी चार-पाच पुरुष तिथं यायचे. कुणाला सासऱ्यानं धरून आणलेलं, कुणाला पोलीस चौकीतल्या जमादारानं पाठवलेलं. एक होता सोपान, मेंढरं राखणारा. त्याची बायको आधी डॉक्टरांकडं आली होती, डोक्याची पट्टी घेऊन. सगळे एका सतरंजीवर बसायचे, एकाच सुरईतलं पाणी प्यायचे. त्या काळात आमच्या भागात एवढंसुद्धा थोडं नव्हतं. डॉक्टर वसंतरावांना "जयभीम" म्हणायचे, वसंतराव "सलाम" म्हणायचे, आणि मग सुरू व्हायचं.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं होतं?"

वसंतराव म्हणाले, "भांडण झालं आन तिचा हात मोडला."

"आपोआप? झाडाची फांदी है क्या?"

"माझा हात सुटला."

"बांधून ठेवला होता? कुणी सोडला?"

बाकीचे हसले. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "पुढच्या वेळेस पुन्हा सांगा."

पुढच्या वेळेस वसंतराव म्हणाले, "राग आला, आन माझ्याकडनं हात पिरगाळला गेला."

"राग कुठून आला? बसनं आला? वाटेत कुठं थांबला होता का?"

मी शाळेत मुलांना व्याकरण शिकवायची. वाक्यात कर्ता कोण ते विचारायची. हे ऐकल्यावर मी कितीतरी दिवस आपल्या बोलण्याकडं कान देऊन बसत असे. आपल्याकडं राग येतो, पाहुण्यासारखा. हात सुटतो, दावणीच्या बैलासारखा. डोकं फिरतं, तोल जातो, तोंडून शब्द निघून जातो. माणूस स्वतः काही करतच नाही. आईसुद्धा "हात सुटतोच गं" म्हणाली होती, आणि तिच्या त्या वाक्यात माझे वडील कुठंच नव्हते.

वैशाख निम्मा सरला तेव्हा वसंतरावांनी ते वाक्य म्हटलं. "मी तिचं मनगट धरलं. मी पिरगाळलं. मी मोडलं." म्हणाले आणि घामानं भिजले. कुणी शाबासकी दिली नाही. डॉक्टरांनी फक्त सुरईतलं पाणी ओतून दिलं.

त्याच पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, जळकोटच्या विहारात सगळे शील घ्यायला बसले. वसंतरावांचा आवाज चांगला, म्हणून दरवर्षी ते पुढं बसून सांगायचे आणि मागून सगळे म्हणायचे. त्या दिवशी पहिलंच शील, प्राणिमात्राला इजा न करण्याचं, आणि त्यांचा आवाज थांबला. लोकांना वाटलं ठसका लागला. शेजारच्यानं पुढं सांगितलं. ते तसेच हात जोडून खाली बघत बसून राहिले. हे मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं. लोहाऱ्याला मुद्दाम एवढंच सांगायला आल्या होत्या. "आज माझं लेकरू खोटं बोललं न्हाय," म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले.

सासूबाईंचीही एक गोष्ट ओसरीवर निघाली. बहात्तरला वसंतराव शाळकरी होते. सगळं घर खडी फोडायला रस्त्याच्या कामावर. दुपारी सुकडी, म्हणजे कामावरचा सरकारी कोरडा खाऊ, वाटली जायची. एकदा सासूबाईंच्या हातून सुकडी सांडली आणि सासऱ्यांनी तिथंच, शेपन्नास माणसांत, त्यांना लाथ घातली. "आन खडीचा आवाज थांबला न्हाय," वसंतराव सांगायचे. "सगळे फोडतच व्हते. ठक ठक ठक. म्याबी फोडत व्हतो."

डॉक्टरांनी विचारलं, "कुणाकडं बघत होता?"

"आईकडं."

"आणि त्या रोजी, दारात, मनगट धरलं तेव्हा?"

वसंतराव सतरंजीचा सुटा दोरा ओढत राहिले. शेवटी म्हणाले, "कुणाकडंच न्हाय. मला ती दिसतच नव्हती."

तेव्हा कुणीतरी म्हणालं, बापाचंच रक्त, दुसरं काय. डॉक्टर एकदम कडक झाले. "कारण ऐकलं. आता ते बाजूला ठेवा. कारण म्हणजे माफी नव्हे. ह्यांच्या वडिलांनी ह्यांच्या बायकोचा हात मोडला नाही."

आणि मग ते शिकवणं, जे आज ऐकायला साधं वाटतं. रागाआधी अंगात कुठं काय होतं ते शोधायचं. कुणाचे दात आवळायचे, कुणाच्या छातीत धडधड. वसंतरावांचे कान तापायचे. कान तापले की बोलायचं थांबायचं, "जाऊन येतो" म्हणून सांगून बाहेर पडायचं, दारूच्या दुकानाकडं वळायचं नाही, चालायचं, शांत झालं की परत यायचं. "न सांगता गेलात तर तीसुद्धा शिक्षाच," डॉक्टर म्हणायचे. "आणि परत येऊन विषय गिळायचा नाही."

सोपाननं एकदा अभिमानानं सांगितलं होतं, "म्या मेंढरावर काठी टाकत न्हाय. नुसती दाखवतो."

"आणि बायकोला?"

"तिलाबी आता दाखवतोच की फकस्त. टाकत न्हाय."

तो सुधारला असंच सगळ्यांना वाटलं. डॉक्टर म्हणाले, "ती मेंढरू आहे का, सोपान? दाखवलेली काठी तिला दिवसभर लागते." सोपानला ते पटलं नाही. पुढं तो चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन गोदावरीकडं निघून गेला आणि ओसरीवर पुन्हा आला नाही. वर्षभरानं त्याची बायको मला बाजारात भेटली; डॉक्टरांकडं आमची ओळख झाली होती. डोळ्याखाली काळंनिळं. माझ्या हाताकडं बघून म्हणाली, "तुमचं बेस झालं बगा, बाई." त्या बोलण्यात हेवा नव्हता. म्हणूनच ते मला आजही सोसत नाही. तिला मी आमच्या घरी बोलावलं, डॉक्टरांचं नाव पुन्हा सांगितलं. ती नुसती हसली आणि मिरच्या निवडत राहिली.

मला डॉक्टर अधूनमधून बोलावून घ्यायचे, पुरुषांचा दिवस सोडून. माझं प्लास्टर निघालं होतं. हात बारीक, पांढरा, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. ते एकच विचारायचे, "आता भीती किती?" मी म्हणायची, आहे. ते म्हणायचे, "मग घाई नको. तो रडतो म्हणून जाऊ नका. लोक म्हणतात म्हणून जाऊ नका. मी म्हटलं तरी जाऊ नका. तुमच्या पोटातला गोळा सांगेल तेव्हा जा."

आयुष्यात मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं की माझं पोट काय म्हणतं ते विचारात घ्यायचं असतं.

शाळा उघडली तेव्हा मी जळकोटला आले, पण घरी नाही. त्याच शाळेतल्या बाईंकडं एक खोली घेऊन राहिले. गाव बोललं, बोलू दिलं. वसंतराव रविवारी यायचे, अंगणातल्या दगडावर बसायचे. आत या असं मी म्हणाले नाही आणि त्यांनी विचारलं नाही. एका रविवारी म्हणाले, "दवाखान्यात म्या खोटं सांगितलं व्हतं, तू पडलीस म्हणून. काल जाऊन त्या डॉक्टरला खरं सांगून आलो."

"ते काय म्हणाले?"

"काय म्हणतेत. माहीत व्हतं म्हणाले."

पोळा झाला. थोडाफार पाऊस येऊन गेला होता, रानात तुरीला हिरवी कड आली होती. एका सकाळी जाग आली तेव्हा ऊन पायांवर आलं होतं आणि मी रात्रभर एकदाही उठले नव्हते. त्या दिवशी मी ट्रंक उचलली आणि घरी गेले.

आता लोक विचारतील, मग सगळं छान झालं? घर एखाद्या दवाखान्यासारखं झालं. दोघंही पाय न वाजवता चालायचो. मीठ कमी पडलं तर ते म्हणायचे, "चांगलं झालंय." मला काही नको असलं तर मी म्हणायची, "चालतंय." दोन-तीनदा ते "जाऊन येतो" म्हणून बाहेर पडले आणि मी चुलीपुढं बसून श्वास मोजत राहिले. परत आले, बोलले, हात खाली ठेवून बोलले. मारलं नाही. त्यानंतर कधीच मारलं नाही. पण भीती अंगातून निघताना पाहुण्यासारखी एका दिवसात निघत नाही. कपाट उघडायला त्यांनी हात वर केला तरी माझी मान आपोआप खाली जायची. ते बघून त्यांचा हात तसाच हवेत थांबायचा. आम्ही दोघंही काही बोलायचो नाही. ती शांतता माराहून हलकी होती, पण ती सुखाची नव्हती.

मी त्यांना माफ केलं का? हा प्रश्न मला पुढं झालेल्या आमच्या मुलीनंही विचारला आहे. माफ केलं असं मी कधी म्हटलं नाही, त्यांनीही कधी मागितलं नाही. डॉक्टरांनीच सांगून ठेवलं होतं, माफी मागणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं. थंडीच्या दिवसांत मनगट अजून ठणकतं. ठणकलं की वसंतराव न सांगता पाणी गरम करून आणतात. एवढंच आहे. हे माफीपेक्षा कमी आहे की जास्त, मला ठरवता आलेलं नाही.

डॉक्टर दोन-अडीच वर्षांनी मुलाकडं हैदराबादला गेले ते तिकडंच वारले. ओसरीवरची सतरंजी उचलली गेली. त्यानंतर आमच्या भागात असं बसणं मी कुठं पाहिलं नाही. देवळं झाली, पतसंस्था झाल्या, दुधाचे संघ बुडाले आणि पुन्हा उभे राहिले. मारणाऱ्या माणसाला बसवून "कर्ता कोण" विचारणारी ओसरी कुणी बांधली नाही.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते दिवाळीच्या आधीच्या एका दुपारबद्दल. हापशाच्या सांडपाण्यावर मी दोडक्याचा एक वेल वाढवला होता. त्या कोरड्या सालात भांडी विसळलेलं पाणीसुद्धा मी त्याच्याच मुळाशी ओतायची. वेल मांडवावर चढला होता, पिवळी फुलं लागली होती, बोटाएवढे पाच-सहा दोडके लोंबत होते. मी शाळेतून आले तर मांडवाखाली आमची शेळी. खालपासून वरपर्यंत वेल फस्त. शेळी सोडून वसंतराव आत पेपर वाचत बसले होते.

माझ्या तोंडाला काय झालं, मला कळलं नाही. नाही, असं नको. मी ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्या घरात ओरडले. वेलापासून सुरू केलं ते तुळजापूरच्या बंद पडलेल्या गाडीपर्यंत गेले. एवढ्या वर्षांत न म्हटलेलं सगळं त्या शेळीच्या निमित्तानं मी म्हणत होते, मोठ्यानं, हातवारे करत. मोडून सांधलेला हात सगळ्यात वर जात होता.

वसंतराव उठले. "अगं शेळीला काय कळतंय..." म्हणाले. त्यांचाही आवाज चढला होता. मग थांबले. "जाऊन येतो," म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. मी बोलतच राहिले, उष्टावलेल्या वेलाशी, शेळीशी, स्वतःशी. विहारापर्यंत जाऊन आले असतील. परत आले, उंबऱ्यावर बसले. आवाज खाली आला होता.

"हं. बोल. राहिलं असंल ते बोल."

आणि मी राहिलेलं बोलायला लागले. मध्येच माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्याकडं पाठ करून उभी आहे. उद्ध्वस्त मांडवाकडं तोंड, आणि ते मागं, अगदी जवळ. माझी मान ताठ होती. पोटात काही नव्हतं. नुसता राग होता, चांगला, दणदणीत, माझा मी केलेला.

भिंतीवरून शेजारच्या मावशींनी डोकं वर काढलं. घाबरल्या होत्या. त्या घरातून त्यांनी आजवर फक्त भांडी पडल्याचे आवाज ऐकले होते.

"काय व्हायलंय गं, पोरी? येऊ का?"

"काय न्हाय मावशी," मी ओरडूनच सांगितलं, "आमी भांडायलाव!"